लालबागच्या दहा बाय पंधरा खोलीतला पोटमाळा: वजन कुठे उतरतं, हवा कुठून जाते

खोली लालबागच्या एका जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, चाळीतली. तळमजला अधिक तीन मजले, त्यातल्या दुसऱ्या मजल्यावर. आतून १० फूट रुंद, १५ फूट लांब, आणि फरशीपासून छताच्या आडव्या लाकडी कड्यांच्या तळापर्यंत १२ फूट ८ इंच उंच. पुढे सामाईक गॅलरी, त्या बाजूला दार, खिडकी आणि दोन्हींच्या डोक्यावर झडपेचे झरोके. मागे डावीकडे ओटा, उजव्या कोपऱ्यात ३ बाय ३ फुटांची मोरी. संडास मजल्याच्या टोकाला. घरात पाच माणसं: आजी, आजोबा, मुलगा, सून आणि नववीतली नात. मागणी साधी होती. तिघांना वर झोपता यावं, मुलीला रात्री दिवा लावून वाचता यावं आणि आजी-आजोबांना जिना चढावा लागू नये.

गिरणगावातल्या गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालयं आणि उंच निवासी टॉवर आले. कामगारांच्या खोल्यांत मात्र आतल्या आत उंची वापरावी लागली, कारण १५० चौरस फुटांत वाढायला एकच दिशा उरते. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर पोटमाळे दिसतात आणि त्यातले बरेच चुकीच्या जागी असतात. लोक आधी चौरस फूट मोजतात. खरं तर आधी दोन गोष्टी पाहायच्या: वजन शेवटी कशावर उतरतं, आणि स्वयंपाकाची गरम हवा कुठून बाहेर पडते. या खोलीचा सगळा आराखडा या दोन प्रश्नांतून ठरला.

पुढे की मागे

घरच्यांची पहिली पसंती मागच्या भागाला होती. ओटा आणि मोरीच्या वरची उंची 'फुकट जाते', हे कारण. बहुतेक घरांत हेच कारण दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. शेगडीची वाफ, फोडणीचा धूर आणि जळलेल्या गॅसची हवा वर चढते आणि छताखाली साचते. झोपणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच येतं. दुसरं म्हणजे चाळीत मोऱ्या एकाखाली एक असतात. वरच्या मजल्यावरची मोरी गळली की पाणी खालच्या घराच्या मागच्या भागातच उतरतं, म्हणजे गादीवर.

म्हणून पोटमाळा गॅलरीच्या बाजूला घेतला: खोलीची पूर्ण १० फूट रुंदी आणि पुढच्या भिंतीपासून ८ फूट आत, म्हणजे ८० चौरस फूट. मागचे ७ फूट पूर्ण उंचीचे मोकळे ठेवले. दार आणि खिडकीवरचे झरोके आता पोटमाळ्यात उघडतात. मागच्या भिंतीत १० फूट उंचीवर १२ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. तो चालू झाला की गॅलरीतली ताजी हवा झरोक्यांतून आत येते, पोटमाळ्यावरून जाते आणि स्वयंपाकाच्या धुरासकट मागून बाहेर पडते. पंखा उलट्या जागी, म्हणजे पुढे बसवला असता तर तोच धूर पोटमाळ्यावरून ओढला गेला असता. स्वयंपाक संपल्यावरही पंखा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, नाहीतर ओट्याची ऊब रात्री वर जाणवते.

उंचीची वाटणी अशी: खाली ७ फूट, मधला सांगाडा आणि फळी मिळून साडेचार इंच, वर सव्वापाच फूट. वर माणूस बसतो, गुडघ्यांवर वावरतो, ताठ उभा राहत नाही. वर सहा फूट मिळवण्यासाठी खाली सव्वासहा फूट ठेवणारे आहेत. तसं करू नये. खालच्या जागेत दिवसभर पाच माणसं वावरतात, वर फक्त झोपायचं असतं.

वजन

या चाळींचा सांगाडा सागवानी लाकडाचा असतो: खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर कोबा आणि फरशी. इथे तुळया दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या रेषेत पुढून मागे जातात आणि कड्या १० फुटांत आडव्या बसलेल्या आहेत. दोन खोल्यांमधली भिंत साडेचार इंची विटांची आहे. ती लाकडी खांबांमध्ये भरलेली आहे, वजन पेलत नाही. तरीही तिच्यात भोकं पाडून लोखंडी चॅनलची टोकं घुसवणं हीच रूढ पद्धत आहे. विटा सुटतात, शेजारच्या घरात भिंतीला तडा जातो आणि भांडण सुरू होतं. कधीकधी पोटमाळा दोन्ही घरांत एकाच उंचीवर असतो आणि दोन्हीकडचे चॅनल एकाच विटेवर टेकलेले निघतात.

भार मोजायला आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातला राहत्या घराचा आकडा धरला: दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. ८० चौरस फूट म्हणजे ७.४३ चौरस मीटर. माणसं आणि सामान यांचा चालता भार सुमारे १,५०० किलो, त्यात आडव्या पाइपांचं आणि फळीचं वजन ३०० किलो, एकूण १,८००. याच जागेवर ३ इंची आरसीसी स्लॅब ओतला असता तर माणूस चढण्याआधीच १,४०० किलो झाले असते. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत स्लॅबचा किंवा जाड कडप्प्याचा पोटमाळा घालायचा नाही. यावर चर्चा नको.

फॅब्रिकेटरने दिलेलं पहिलं रेखाटन चार खांबांचं होतं: दोन पुढच्या भिंतीशी, दोन पोटमाळ्याच्या मोकळ्या कडेखाली. लोखंड कमी लागतं, दिसायलाही नीट. पण मागचे दोन खांब पुढच्या भिंतीपासून ८ फुटांवर, म्हणजे १५ फुटी तुळईच्या जवळजवळ मध्यावर येत होते. प्रत्येकी सुमारे ४५० किलो. तुळई दोन घरांची असते. शेजाऱ्याने तसाच पोटमाळा केला की त्याच बिंदूवर ९०० किलो. जुन्या तुळईला मध्यावरचं वजन सर्वांत महाग पडतं.

स्ट्रक्चरल इंजिनीअरने रेखाटन बदललं. दोन्ही भिंतींलगत पोटमाळ्यापुरता ८ फुटी चॅनल न घेता खोलीच्या पूर्ण लांबीचा घेतला. चारही खांब खोलीच्या चार कोपऱ्यांत गेले आणि बरोबर तिथेच खालच्या मजल्यावरचे लाकडी खांब आहेत. पुढच्या दोन खांबांवर प्रत्येकी ७०० किलोंच्या आसपास, मागच्या दोनांवर ३०० च्या आसपास भार येतो. तो तुळईला न वाकवता थेट खांबांत उतरतो. यासाठी लोखंड सुमारे १०० किलो जास्त लागलं. या कामात वाचवू नये असा खर्च कोणता, तर हाच.

साहित्य असं लागलं. दर रोज बदलतात, म्हणून मापंच दिली आहेत:

- बाजूचे मुख्य चॅनल: आयएसएमसी १५० (१५० मिमी उंचीचा लोखंडी चॅनल), लांबी १४ फूट ११ इंच, २ नग, एकेक ७५ किलोंच्या आसपास
- खांब: ७२ × ७२ मिमी चौकोनी बॉक्स पाइप, ४ मिमी जाड, ४ नग
- आडवे पाइप: ९६ × ४८ × ३.२ मिमी, दर २ फुटांवर, ५ नग
- फळ्यांच्या सांध्यांखाली ४० × ४० मिमी पाइपाचे तुकडे
- क्लीट (जोडणीचे तुकडे): ५० × ५० × ६ मिमी अँगल, बोल्ट १२ मिमी, वॉशर आणि स्प्रिंग वॉशरसह
- बेसप्लेट: ३०० × १५० × १० मिमी, ४ नग
- १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, ८ × ४ फुटांचे ३ तक्ते

आडव्या पाइपांसाठी बाजारात सर्रास ८० × ४० चा पाइप सुचवतात. १० फुटांच्या गाळ्यात २ फुटांच्या अंतरावर तो तुटणार नाही, पण पूर्ण भाराखाली मध्यावर १४-१५ मिमी झुकतो. माणूस कुशीवर वळला की शेजारच्याला कळतं. ९६ × ४८ मध्ये हेच झुकणं ८-९ मिमीवर येतं. ८० × ४० च वापरायचा असेल तर अंतर १६ इंचांवर आणावं लागतं. मग नग वाढतात आणि बचत राहत नाही.

प्लायचा ८ फुटी अंगाचा पट्टा आडव्या पाइपांना काटकोनात टाकायचा, म्हणजे तक्त्याची मजबूत दिशा पाइपांवर येते आणि दोन्ही टोकं पाइपावरच संपतात. दोन तक्त्यांच्या लांब कडा मात्र अधांतरी राहतात. तिथे ४० चा तुकडा नसेल तर एका तक्त्यावर पाय पडला की दुसरा वर राहतो आणि काही महिन्यांत सांध्यावर अंथरलेलं व्हिनाइल फाटतं.

तपासणी आणि कागद

लोखंड आणण्याआधी चारही कोपऱ्यांतल्या तुळयांची टोकं पाहिली. त्यासाठी खालच्या घरातून छत बघावं लागतं, म्हणजे शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावं लागतं. तपासणी सोपी असते. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, भरीव की पोकळ. मग टोकदार पेचकस दाबून पाहायचा. पुढच्या बाजूला तुळयांची टोकं गॅलरीखाली बाहेर निघतात आणि पावसात भिजतात, त्यामुळे काळजी तिथली होती. ती टोकं चांगली निघाली. मोरीखालचा कोपरा मात्र खराब होता: पेचकस इंचभर आत गेला. वर्षानुवर्षं मोरीच्या कडेने पाणी झिरपत होतं.

त्या कोपऱ्यावर येणारे ३०० किलो ही फार मोठी गोष्ट नाही, तरी काम थांबवलं. आधी मोरी उखडून जलरोधक थर आणि नवी लादी केली. मग तुळईच्या त्या टोकाला दोन्ही बाजूंनी चॅनल लावून, चांगल्या लाकडात ३ फूट आत जाईल इतक्या लांबीवर आरपार बोल्ट केले. उपकरप्राप्त इमारतीत सांगाड्याची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेत येते. तिथे आधी कळवावं. इमारतीला मंडळाचे टेकू लागलेले असतील किंवा ती धोकादायक यादीत असेल, तर पोटमाळ्याचा विचारच करू नये.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. भाडेकरू असाल, पगडीची खोली असली तरी, मालकाची लेखी संमती घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार लेखी संमतीशिवाय केलेलं कायम स्वरूपाचं बांधकाम हे खोली खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग अशा कामांना त्यात सूट आहे, पण पोटमाळा त्या यादीत नाही. तो बोल्टचा, सुटा होणारा ठेवण्याचं हे एक कारण. महापालिकेकडे १८८८ च्या अधिनियमातल्या कलम ३४२ खाली सूचना द्यायची असते. परस्पर काम केल्यास ३५१ किंवा ३५४ए ची नोटीस येऊ शकते. सामान ठेवायचा माळा आणि राहायचा मधला मजला यांना नियम वेगळे आहेत. दुसरा असेल तर लायसन्सधारक इंजिनीअरमार्फतच जा.

उभारणी

पंधरा फुटी चॅनल चाळीच्या लाकडी जिन्याने वळत नाही. तो चौकातून दोराने वर घेतला आणि टोक पुढे करून दारातून सरळ आत सरकवला. दोर गॅलरीच्या कठड्याला बांधायचा नाही. तो खोलीच्या आतून धरायचा, कारण कठडा हा चाळीचा सर्वांत कच्चा भाग असतो. तिथे लोखंडाचा ढीगही लावू नये.

वेल्डिंग सगळं कारखान्यात झालं, खोलीत एकही ठिणगी नाही. वर-खाली लाकडी फळ्या, त्यांच्या फटींत पन्नास वर्षांची धूळ. ठिणगी आत गेली तर तासन्‌तास धुमसते आणि रात्री सगळे झोपल्यावर पेटते. म्हणून भोकं आधीच पाडलेली, क्लीट आधीच जोडलेले, जागेवर फक्त बोल्ट. भिंतीजवळही ब्रेकर न वापरता साधं ड्रिल वापरलं.

खांबाची जागा म्हणजे फरशी नव्हे. फरशीवर सरळ उभा केला तर कोबा चुरडतो, खांब काही मिमी खाली बसतो आणि सगळी चौकट तिरकी होते. चारही कोपऱ्यांत फरशी आणि कोबा काढून तुळईवरच्या फळीपर्यंत गेलं. बेसप्लेट पातळ मसाल्यावर पूर्ण टेकवली आणि मग कोबा परत भरला. मोरीकडच्या खांबाला खालून ४ इंचांपर्यंत इपॉक्सी आणि सिमेंटची गोल कड केली, म्हणजे फरशी धुतानाचं पाणी तळाशी साचत नाही.

जुनी जमीन कधीच समपातळीत नसते. इथे पुढून मागे पाऊण इंच उतार निघाला. मेस्त्रीने पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांत एकच पातळी मारली आणि प्रत्येक खांब वेगळ्या मापाने कापला. खांब सरसकट सारखे कापून खाली पत्र्याचे तुकडे कोंबायची पद्धत आहे. वर्षभरात ते तुकडे सरकतात आणि पोटमाळा कुरकुरू लागतो.

चौकट उभी राहिल्यावर पहिल्या दिवशी ती डावी-उजवी हलत होती. चार खांब आणि वर चौकट एवढ्यावर बाजूचा झोल जात नाही. वरच्या चारही कोपऱ्यांत १२ इंचांचे तिरपे अँगल बोल्ट केले. शिवाय बाजूचे चॅनल भिंतीतल्या लाकडी खांबांना १० मिमी जाड, ३ इंची कोच स्क्रूने अडकवले. हे स्क्रू वजन पेलायला नाहीत, फक्त चौकट हलू नये म्हणून. विटेत फास्टनर मारला नाही.

प्लाय बसवताना लोखंडावर आधी नमद्याची पट्टी चिकटवली, मग दर ६ इंचांवर सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू. पट्टी नसेल तर लोखंड आणि लाकूड एकमेकांवर घासून रात्रभर आवाज येतो. तक्त्यांमध्ये २-३ मिमी फट सोडली, पावसाळ्यात प्लाय फुगतो. पाइपांची उघडी टोकं झाकणं लावून बंद केली, कारण ढेकणांना पोकळ पाइपासारखी दुसरी जागा नाही.

जिना, पंखा, वीज

पोटमाळ्याची जमीन ७ फूट ४ इंचांच्या थोडी वर. त्याला १० पायऱ्या, प्रत्येक सुमारे ८.८ इंच चढ आणि ५ इंच पुढे. पायरीची फळी ८ इंच रुंद आणि मागून उघडी, त्यामुळे वरच्या पायरीखाली पाऊल ३ इंच आत जातं. उतार शिडीपेक्षा सौम्य आहे, तरी उतरताना तोंड जिन्याकडेच ठेवावं लागतं.

जिना सरळ पोटमाळ्याच्या कडेला काटकोनात लावला असता तर त्याचा पाय मोरीच्या तोंडाशी, ओल्या लादीवर आला असता. म्हणून तो कडेला समांतर घेतला: खोलीच्या मध्यातून उजव्या भिंतीकडे चढणारा, दोन फूट रुंद, वर पोहोचल्यावर १८ इंचांचा छोटा चौथरा आणि तिथून बाजूला वळून पोटमाळ्यावर. चौथरा वगळून शेवटच्या अरुंद पायरीवरून बाजूला पाय टाकणारे जिने चाळीत खूप आहेत, आणि माणसं तिथूनच पडतात. जिन्याचा पाय आणि डावीकडचा ओटा यांत ३३ इंच वाट राहिली. शेगडी ओट्याच्या मागच्या टोकाला सरकवली, म्हणजे स्वयंपाकघरात आग लागली तरी वरच्यांची उतरायची वाट शेगडीवरून जात नाही. मोकळ्या कडेला ३ फुटी कठडा, गजांतलं अंतर ४ इंचांपेक्षा कमी. झरोके पोटमाळ्याच्या जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर सुरू होतात, म्हणून त्यांना आतून ग्रिल.

छताच्या पंख्याचा हूक खोलीच्या मध्यावर होता. आता तो पोटमाळ्याच्या वर आला, म्हणून पंखा काढला. तो मागच्या मोकळ्या भागात टांगायचा विचार झाला, पण ४८ इंची पंख्याचं पातं पोटमाळ्याच्या कडेपासून दीड फुटावर येत होतं. झोपेत कठड्याबाहेर गेलेला हात सहज पोहोचतो. त्याऐवजी जाळीचे १६ इंची भिंतीवरचे पंखे लावले, एक खाली, एक वर.

घरात लोखंडी सांगाडा आला की विजेची जुनी पट्टी-वायरिंग तशीच ठेवता येत नाही. दिव्यांना १.५ आणि प्लगला २.५ चौरस मिमी तांब्याची नवी वायर, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि सांगाडा स्वतंत्र वायरने अर्थिंगला जोडलेला. वायर पाइपाच्या धारदार भोकातून नेताना रबरी कडी घातलीच पाहिजे.

वरच्या कड्या झाकायला फॉल्स सीलिंगची मागणी झाली, कारण वरच्यांच्या घरात कुणी चाललं की धूळ पडते. पूर्ण झाकलं तर गळती आणि वाळवी दिसायची बंद होते. म्हणून स्क्रूने निघणाऱ्या हलक्या पट्ट्या लावल्या.

वर काय ठेवायचं नाही

माणसांनी पोटमाळा पडत नाही. गणपतीत पाहुणे आले आणि दहा जण वर झोपले, तरी ६५० किलो होतात, म्हणजे चौरस मीटरला ९० किलोंच्याही आत. धोका पाण्याचा आहे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून ५०० लिटरची टाकी पोटमाळ्यावर चढवली जाते. तिचे ५०० किलो जेमतेम पाऊण चौरस मीटरवर येतात, म्हणजे धरलेल्या भाराच्या तिप्पट. शिवाय ते वजन रोज तिथेच राहतं आणि टाकी कधीतरी गळतेच. तीन फूट उंच रचलेली रद्दी आणि पुस्तकंही तितकंच वजन देतात. पुस्तकं भिंतीलगत, चॅनलच्या जवळ एका ओळीत ठेवावीत, मध्यावर नाही. पाण्याचं पिंप खाली, मोरीशेजारी.

पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळले, चौकट बसताना ते थोडे सैल होतात. मग दर पावसाळ्यानंतर मोरीकडच्या खांबाचा तळ, गॅलरीखालची तुळयांची टोकं आणि प्लायच्या कडा पाहायच्या.

पुनर्विकासाचा हिशेब धरून पोटमाळा मोठा करण्यात अर्थ नाही. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, ही खोली त्याच्या निम्मी आहे. कागदावर नसलेल्या पोटमाळ्याचं क्षेत्रफळ हक्काने मागता येत नाही. सांगाड्याच्या प्रत्येक भागावर क्रमांक ठोकला आहे आणि जोडणीचं रेखाटन घराच्या कागदपत्रांसोबत ठेवलं आहे. इमारत रिकामी करायची वेळ आली की दोन माणसं पान्यांनी तो एका दिवसात उतरवू शकतात. चॅनल आणि पाइप भंगारात न घालता पुन्हा वापरता येतात.